एकाच डब्यात सगळी साठवण नको!

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारची सूनबाई भर दुपारी लॅपटॉप घेऊनच दारात उभी. "काकू, हा बघा ना, सारखा म्हणतोय जागा संपली! मुलीचा प्रोजेक्ट सेव्ह होईना. ती म्हणते बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आण. दुकानदार म्हणतो एसएसडी घ्या. आणि आमचे हे म्हणतात, 'थोडे फोटो पुसून टाक!' आता कुठले पुसू? मंगळागौरीचे की मुंजीचे?"

तिचे बोलणे ऐकून मला हसू आले, आणि पोटात कालवलेही. हसू अशासाठी, की हे गाऱ्हाणे आता घरोघरचे आहे. पूर्वी अल्बम कपाटाच्या वरच्या खणात असत आणि कपाट भरले की आपल्याला दिसत असे. आता फोटो फोनमध्ये, फोनमधून लॅपटॉपमध्ये. त्यातून १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण बंद झाली, आणि त्यानंतरचे फोटो फुकटच्या १५ जीबीत मोजले जाऊ लागले. तेव्हापासून बाहेरच्या डिस्कची चौकशी बायकाही करू लागल्या आहेत, आणि ते बरेच आहे.

पोटात कालवले ते मात्र माझ्या स्वतःच्या चुकीमुळे. ती आधी कबूल करते, म्हणजे पुढचे सांगायला मला तोंड राहील.

आमच्या सासूबाईंच्या हातचे अनरसे नात्यागोत्यात नावाजलेले. २०२१ च्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी त्यांना स्वयंपाकघरात बसवून पीठ मळण्यापासून तळणीपर्यंत सगळे फोनवर टिपले. चांगले पाऊण तास. पुढच्या आषाढात त्या गेल्या. त्याच सुमारास आमचा लॅपटॉप भरला. मी मोठ्या हुशारीने नवी हार्ड डिस्क आणली, सगळे फोटो नि व्हिडिओ लॅपटॉपवरून 'कट' केले आणि डिस्कवर 'पेस्ट' केले. लॅपटॉप कसा मोकळा झाला म्हणून स्वतःवरच खूश!

गणपतीच्या आधीची साफसफाई चालू होती. डिस्क लॅपटॉपला जोडलेली, चालू. वायरीत झाडू अडकला आणि डिस्क टेबलावरून फरशीवर. उंची किती? अडीच फूट. पुन्हा जोडली तर आतून आवाज — टक... टक... टक. धावत दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "ताई, पडलेल्या वस्तूला वॉरंटी नाही. आणि असती तरी नवी डिस्क मिळाली असती, आतला माल नाही." मग पुण्याला डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवली. डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेले. बरेचसे फोटो परत आले. सासूबाईंचा व्हिडिओ आला नाही. हे एक शब्दही बोलले नाहीत. त्यांची आई होती ना! ते बोलले असते तर बरे, असे मला वाटले.

तर मैत्रिणींनो, डिस्कचा दोष नव्हता. दुसरी प्रत ठेवायला जी वस्तू आणायची, तिच्यावर मी एकुलती एक प्रत ठेवून बसले. म्हणून खरेदीला निघण्याआधी एवढे मनाशी धरा: *कुठलीही गोष्ट लॅपटॉपवरून पुसण्याआधी ती आणखी दोन ठिकाणी असली पाहिजे.* आता कोणती डिस्क, केवढी आणि कशी घ्यायची, ते क्रमाने पाहू.

आधी माप घ्या

ब्लाउजचे कापड घेतानाही आपण माप नेतो. मग इथे अंदाजपंचे का? लॅपटॉपवर फोटोंच्या फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबा आणि 'प्रॉपर्टीज' उघडा. किती जीबी भरले आहेत ते तिथे दिसते. व्हिडिओंचेही तसेच पाहा. बेरीज करा आणि तिला अडीचने गुणा, कारण मुले मोठी होणार, लग्ने-मुंजी होणार, साठवण वाढतच जाणार.

साधारण हिशेब असा. फोनवरचा एक फोटो चार एमबीच्या आसपास धरला, तर १ टीबीच्या डिस्कवर अडीच लाख फोटो मावतील. जागा खातात ते व्हिडिओ. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी सहज लागतात. म्हणजे सासूबाईंचा तो पाऊण तास पाच-सहा जीबींचा. बहुतेक घरांना १ टीबी पुरते. व्हिडिओंचा नाद असेल तर २ टीबी घ्या.

डिस्क जोडल्यावर विंडोज १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दाखवते. लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका हं! कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. एकाने शेराने मोजावे नि दुसऱ्याने किलोने, तांदूळ तेवढेच.

आणि हो, ४ किंवा ५ टीबीची एक मोठी डिस्क घेण्याचा मोह होतो. "थोड्याच जास्तीत दुप्पट जागा!" असे दुकानदार सांगतोच. त्यापेक्षा १ टीबीच्या दोन घ्या. का, ते वर सांगितलेच आहे.

चकतीची की बिनचकतीची?

सूनबाईचा खरा घोळ इथे होता. दुकानात दोन प्रकार असतात.

पहिला प्रकार हार्ड डिस्क, म्हणजे एचडीडी. हिच्या पोटात खरोखरच गुळगुळीत चकत्या असतात. खिशात मावणाऱ्या डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात. मजकूर वाचणारे टोक चकतीला न टेकता तरंगत असते, आणि मधले अंतर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी! आता कळले ना, चालू डिस्क अडीच फुटांवरून पडली की काय होत असेल? ही युक्ती जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये अशी पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फुटी ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होती पन्नास लाख अक्षरे. आजचा फोनवरचा एक फोटो जेमतेम! तीच डिस्क आता पर्समध्ये घालून नेता येते.

दुसरा प्रकार एसएसडी. हिच्यात फिरणारे काहीच नाही, नुसत्या चिप्स. आकाराने लहान, आवाज नाही, धक्का पुष्कळ सोसते आणि वेग कितीतरी जास्त. पण त्याच मापाची एसएसडी पुष्कळच महाग पडते. शिवाय ती बिघडताना टकटक वगैरे सूचना देईलच असे नाही. आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात टाकून ठेवली, तर आतला मजकूर विरळ होण्याचा धोका असतो.

मग निवड कशी करायची? रोज ने-आण होणार असेल, मुलगी कॉलेजला घेऊन जाणार असेल, तर एसएसडी घ्या. घरात कपाटात ठेवायची नि महिन्या-दोन महिन्यांनी काढायची असेल, तर चकतीची हार्ड डिस्क पुरेशी आहे, पैसेही वाचतात. पेन ड्राइव्ह मात्र इकडून तिकडे नेण्यापुरताच बरा. आयुष्यभराचे फोटो त्यावर ठेवू नका. आणि वेगळा अडॅप्टर लावून विजेच्या प्लगला जोडावी लागते ती मोठी डिस्क आपल्या कामाची नाही. आपल्याला हवी ती लॅपटॉपच्या वायरीवरच चालणारी.

वायरीचे तोंड पाहून घ्या

कुकर घेताना शिट्टी पाहतो, मग इथे वायर नको पाहायला? लॅपटॉपची बाजू नीट बघा. चौकोनी, चपटे भोक ते नेहमीचे यूएसबी. छोटे, दोन्हीकडून सारखे, गोलसर कडांचे ते टाइप-सी. काही नव्या, सडपातळ लॅपटॉपना नुसते टाइप-सीच असते. डिस्कसोबतची वायर त्यात बसत नसेल तर जोडणीचा तुकडा तिथल्या तिथे मागून घ्या. नाहीतर घरी येऊन हातावर हात धरून बसायची वेळ येते.

चौकोनी भोकाच्या आत निळा रंग दिसला तर ते बहुधा २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३ पद्धतीचे, म्हणजे वेगाचे. काळे असेल तर जुन्या यूएसबी २ चे असू शकते. फरक केवढा? २०० जीबी भरायला जुन्या भोकातून पावणेदोन तास लागतील. निळ्यातून चकतीच्या डिस्कला अर्धा तास, आणि चांगल्या एसएसडीला सात-आठ मिनिटे. बारीक बारीक फाइली खूप असतील तर वेळ वाढतो, हे गृहीत धरा. पण आपल्याला काय, वरणभाताचा कुकर लावायचा नि कॉपीला लावून द्यायचे!

घरात कुणाकडे ॲपलचा मॅक असेल, तर दुकानदाराला 'एक्सफॅट' पद्धतीने डिस्क तयार करून मागा. विंडोजच्या नेहमीच्या 'एनटीएफएस' पद्धतीतली डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर आपणहून लिहीत नाही. 'फॅट-३२' मात्र नको. त्यात चार जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. सासूबाईंचा व्हिडिओ त्यात बसला नसता.

दुकानात फसू नका

किंमत मी मुद्दाम लिहीत नाही. अंक छापून येईपर्यंत ती बदललेली असते. दोन-तीन दुकानांत विचारा. पण एक ध्यानात ठेवा, फार स्वस्त मिळाली तर संशय घ्या. "१६ टीबी, अवघ्या हजार-पंधराशेत!" अशा जाहिराती फोनवर येतात. डबी छान, चकचकीत. आत मात्र एखादे छोटे मेमरी कार्ड बसवलेले असते आणि लॅपटॉपला खोटाच आकडा दाखवण्याची योजना केलेली असते. तुम्ही भरत जाता, ती 'हो हो' म्हणत जाते. खरी जागा संपली की जुन्यावर नवे लिहिले जाते, किंवा नुसतीच नावे दिसतात नि फाइली उघडत नाहीत. कळते तेव्हा सहा महिने उलटलेले असतात.

चकतीच्या डिस्क जगात आता तीनच कंपन्या बनवतात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तेव्हा एचडीडी घेताना अनोळखी नावाला भुलायचे कारण नाही. या तिघींत 'अमकीच चांगली' असा हट्टही नको. ओळखीचे दुकान, सीलबंद खोके, आणि डिस्कवरचा अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल, एवढे पाहा. तो अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की वॉरंटी केव्हापर्यंत आहे ते कळते. मुलीला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे.

घरी आणल्यावर

नवे धान्य आपण आधी निवडतो, मग डब्यात भरतो. डिस्कचेही तसेच. शंका असेल तर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. तो रिकामी डिस्क पुरती भरून पाहतो आणि परत वाचून पाहतो. जागा खोटी असेल तर लगेच उघडकीला येते. बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत हे करा.

मग 'कॉपी' करा. कट नाही, कॉपी! दोन्ही डिस्कांवर. झाल्यावर इकडचे दोन-चार, तिकडचे दोन-चार फोटो नि व्हिडिओ उघडून पाहा. दोन्हीकडे नीट उघडले, की मगच लॅपटॉपवरचे पुसा. फोल्डरला नावे वर्षाने सुरू होणारी द्या: '२०२४ गणपती', '२०२५ मुंज'. म्हणजे आपोआप ओळीने लागतात.

डिस्क काढताना स्क्रीनवर 'इजेक्ट' म्हणा आणि काढायला हरकत नाही असा निरोप आला की मगच वायर उपसा. काम चालू असताना डिस्क टेबलाच्या मधोमध, आडवी ठेवा. गादीवर नको, लॅपटॉपवर नको, आणि वायर जाण्यायेण्याच्या वाटेत तर नकोच नको. हे मी सांगायला नको!

काम झाले की डिस्क काढून कपाटात. कायम जोडून ठेवली, तर लॅपटॉपमध्ये शिरलेला व्हायरस डिस्कवरचेही कुलूपबंद करून खंडणी मागू शकतो. ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नव्या पर्समध्ये नि चपलांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी येते ना, ती फेकू नका, त्या डब्यात टाका. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती उपयोगी पडते. डब्यावर घेतल्याची तारीख लिहा. पाच वर्षे झाली की डिस्क चालू असली तरी नवीन आणून तिच्यावर प्रत काढा.

बँकेची, घराची कागदपत्रे ठेवणार असाल तर डिस्कला पासवर्ड लावा. पण तो घरातल्या दोघांना ठाऊक हवा आणि डायरीत लिहिलेला हवा. विसरलात तर तुमची डिस्क तुम्हालाच उघडणार नाही.

आणि कधी टकटक ऐकू आली, तर ताबडतोब बंद करा. पुन्हापुन्हा जोडून पाहू नका, ठोकू नका, शेजारच्या हुशार मुलाला उघडायला देऊ नका. मी तीन वेळा जोडून पाहिली होती. पुण्याच्या माणसाने पहिले तेच विचारले.

दुसरी डिस्क माहेरी

आता दोन डिस्का झाल्या. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर काय मिळवले? २०१९ च्या ऑगस्टात आमच्या सांगलीत पूर आला, तेव्हा कितीतरी घरांच्या तळमजल्यावरची कपाटे पाण्याखाली होती. लग्नाचे अल्बम उन्हात वाळत घातलेले मी पाहिले आहेत. चेहरे धुऊन गेलेले.

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने याबाबत एक नियम रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. परक्या देशातल्या माणसाने सांगितले असले तरी आपल्याला ते अवघड नाही. एक डिस्क आपल्या घरी, दुसरी माहेरी! भाऊबीजेला जाताना भरलेली न्यायची, आधीची परत आणायची. आणि जे अगदी जिवाभावाचे आहे, त्या निवडक थोड्या गोष्टींची तिसरी प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवा. तेवढ्यापुरती फुकटची जागाही पुरते.

विसरायला होते? मग दिवस नेमून टाका. २०११ पासून ३१ मार्च हा जगभर प्रती काढण्याचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे ती हिशेबाची वर्षअखेर, ध्यानात राहायला सोपी. आणि सहा महिन्यांनी येते खंडेनवमी. घरातल्या हत्यारांबरोबर लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहतोच की आपण. त्याच दिवशी डिस्क काढायची, प्रत करायची, मग पूजा.

आमच्या सूनबाईने काय केले? १ टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क आणल्या, एक मिरजेला आईकडे ठेवली. मंगळागौर नि मुंज दोन्ही शाबूत. मुलीचा प्रोजेक्टही सेव्ह झाला.

आणि आमचे? तो व्हिडिओ गेला तो गेलाच. पण वर्षश्राद्धाला वन्सं आल्या होत्या, तेव्हा त्यांनी आपल्या फोनमध्ये एक तुकडा दाखवला. कधीकाळी मीच व्हॉट्सॲपवर सहज पाठवलेला, तीन मिनिटांचा. चित्र जरा धुरकट आहे. सासूबाई तुपात अनरसा सोडतात, "उलटायचा नाही हं, खसखस वरच राहू दे," म्हणतात, आणि मध्येच नातवाला दटावतात, "तो फोन ठेव आधी, पीठ उघडं राहिलंय!" अनरसा तुपात हसला तर काय करायचे, ते त्यांनी पुढे सांगितले होते. ते त्या तुकड्यात नाही. मी चिमूटभर तांदळाची पिठी घालून निभावते, पण त्या नेमके काय म्हणाल्या होत्या ते आता कुणालाच आठवत नाही.

तेवढी तीन मिनिटे आता आमच्या डिस्कवर आहेत, साताऱ्याला माझ्या भावाकडे आहेत, आणि वन्संच्या फोनमध्ये आहेतच. यंदा दिवाळीला पीठ मळायच्या आधी आम्ही सगळ्यांनी ती बघितली. ह्यांनी दोनदा बघितली.

तुमच्याकडेही कुणाचा आवाज, कुणाचे हसू असे एकाच डब्यात पडून असेल. या रविवारी जेवणे झाली की तेवढी एक प्रत काढाच. आणि काढलीत की मला पत्राने जरूर कळवा.

पुढच्या आठवड्यात: पावसाळ्याआधी इन्व्हर्टरची बॅटरी कशी तपासावी.